भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती एकट्याने सायकल: एका दिवसाची आखणी

नकाशावर नगर जिल्ह्यातल्या भंडारदऱ्याचा जलाशय तळहाताएवढा दिसतो. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघायचं, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडीत यायचं. फेरा साधारण पन्नास किलोमीटरचा. लांबच्या दौऱ्यावर रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर कापणाऱ्याला हा विश्रांतीचा दिवस वाटतो. मग तो आरामात चहा-पोहे उरकून दहाला निघतो आणि संध्याकाळी रतनवाडीच्या पुढे मिणमिणत्या दिव्यात खड्डे चुकवत बसतो.

हिशोब चुकतो तो रस्त्याच्या स्वभावामुळे. हे मुळात एक बुडालेलं खोरं आहे. प्रवरेवर १९१० ते १९२६ या काळात विल्सन धरण बांधलं गेलं आणि अडलेलं पाणी मिळेल त्या ओढ्याच्या दरीत मागे शिरलं. आता काठाने जाणाऱ्या रस्त्याला प्रत्येक ओढ्याच्या पोटात आत जावं लागतं, फरशी पुलावरून पलीकडे व्हावं लागतं आणि पुढची डोंगरसोंड चढून बाहेर यावं लागतं. समोरची वाडी पाण्यापलीकडे हाकेच्या अंतरावर दिसते, तिथे पोचेपर्यंत पाऊण तास जातो. एकही चढ मोठा नाही, पण सलग दोन किलोमीटर सपाटीही क्वचितच मिळते. म्हणून इथली आखणी तासांत करायची. थांबे धरून पूर्ण दिवस लागतो असं समजूनच निघा.

महिना आणि वार

दसरा झाल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. धरण भरलेलं असतं (पूर्ण साठा ११ टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट), भात पिवळं पडलेलं किंवा कापणीला आलेलं असतं आणि सकाळी अंगात पातळ जॅकेट लागेल इतपत गारवा असतो. फेब्रुवारीनंतर खालच्या भागातल्या शेतीसाठी आवर्तनं (ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी) सुटत जातात, पाणी मागे हटतं आणि काठाला तडकलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. तेव्हाही फेरा होतो, पण ज्यासाठी आलो ते पाणी लांब गेलेलं असतं.

पावसाळ्याबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हा फेरा एकट्याने करू नये. घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. धुक्यात समोरून येणारी गाडी दहा पावलांवर दिसते, फरशांवरून पाणी वाहतं आणि शनिवार-रविवारी धबधबे बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागते. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी रात्रीची गर्दी असते. तीही सायकलवाल्याच्या कामाची नाही. कुठल्याही मोसमात मंगळवार-बुधवारसारखा आडवार निवडा. रस्ता जवळजवळ तुमचाच असतो.

आदल्या दिवशी शेंडी गाठा

मुंबईकडून येणारे कसारा घाट चढून इगतपुरी, मग घोटी, तिथून महामार्ग सोडून बारीमार्गे शेंडी असे येतात. समृद्धी महामार्ग इगतपुरीजवळूनच जातो, पण त्यावर सायकलला आणि दुचाकीला मनाई आहे, तेव्हा तो डोक्यातून काढून टाका. घोटी ते शेंडी अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. बारीच्या अलीकडे-पलीकडे चढ लागतात आणि १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखर बराच वेळ सोबत करतं. नाशिककरांनाही घोटीवरूनच सोयीचं.

शेंडीत दोन रात्रींची खोली घ्या. यात पैसे वाचवायला जाऊ नका, कारण दोन रात्री राहिलात तरच पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) आणि जड सामान खोलीवर ठेवून हलक्या सायकलीने फेरा मारता येतो. बारा-पंधरा किलो वजन उतरलं की त्या सोंडांचे चढ निम्मे वाटतात.

रात्रीच घरमालकांना सांगून ठेवा: कोणत्या बाजूने जाणार, किती वाजेपर्यंत परत येणार, आणि त्यानंतर तासाभरात आलो नाही तर काय करायचं. नंबर कागदावर लिहून द्या. मुरशेतच्या पुढे मोबाईलची रेंज येते-जाते. घरच्यांना लोकेशन पाठवत राहीन, हा बेत इथे टिकत नाही.

सोबत काय घ्यायचं

दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, पंप, साखळी तोडायचं हत्यार आणि जोडायची कडी. पावसाळ्यानंतर डांबर जागोजागी उखडलेलं असतं, त्यामुळे बारीक टायरची रेसिंग सायकल नको. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असेल तर पाठीचे हाल कमी होतात. ब्रेकपॅड आदल्या संध्याकाळी तपासा. उतार छोटे असले तरी वळणावर खडी पसरलेली असते. पाणी दोन लिटर, गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचे लाडू, सुटे पैसे, पुढचा-मागचा दिवा. पाचला परत येणार असाल तरी दिवा हवाच. आणि एक कोरडा सदरा. हा सल्ला फालतू वाटेल, पण दुपारी घामाने भिजलेल्या अंगाने सावलीत बसल्यावर तो आठवेल.

पाणी डाव्या हाताला ठेवा

शेंडीतून आधी उत्तर काठाने मुरशेतकडे जायचं, म्हणजे पाणी सतत डावीकडे राहतं. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये गाड्या येत नाहीत. फोटोला थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. जपानमध्ये बिवा सरोवराभोवती दोनेकशे किलोमीटरची सायकलफेरी करतात, तिथेही वाहतूक डावीकडून असल्याने घड्याळाच्या उलट दिशेनेच जायला सांगतात.

या दिशेचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घाटघर आणि साम्रदचा एकाकी टप्पा सकाळी, अंगात ताकद असताना पार पडतो. दुपारनंतर उरतो रतनवाडी ते शेंडीचा भाग, जिथे माणसांची ये-जा जास्त.

पहिला टप्पा: शेंडी ते घाटघर

उजाडताच निघा, नोव्हेंबरात म्हणजे साडेसहा-पावणेसातला. वनखात्याच्या नाक्यावर थांबून प्रवेश शुल्क भरा, कारण हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पहिल्या तासात मुद्दाम हळू चालवा. पाण्यावर धुकं तरंगत असतं, ऊन मागून येतं, रस्ता मोकळा असतो, त्यामुळे पाय आपोआप जोर लावतात. त्या जोराची वसुली साम्रदच्या चढावर होते.

मुरशेतला चहा मिळाला तर घ्या. पुढे हॉटेल मिळेलच, असं गृहीत धरू नका. पांजरे, उडदावणे ही महादेव कोळ्यांची गावं. कार्तिकात खळ्यावर भात झोडपण्याची लगबग असते आणि रस्त्यावरच पेंढा पसरलेला असतो. पेंढ्यावरून चाक घसरतं, साखळीतही अडकतो. उतरून चालत जा. कुणी हाक मारली तर थांबावं. "दादा, कुठून आलात?" या प्रश्नातून पुढच्या रस्त्याची जेवढी खरी माहिती मिळते तेवढी फोनमध्ये नसते. फक्त अंतर विचारू नका, "हे काय, जवळच" हेच उत्तर येणार. चढ कुठे आहे, रस्ता कुठे खराब आहे आणि पुढे पाणी कुठे मिळेल, हे विचारा.

घाटघरला सह्याद्री एकदम तुटतो. कोकणकड्यावरून खाली शहापूर तालुक्याचा मुलूख दिसतो. इथला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प याच तुटलेल्या उंचीवर चालतो: विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. वीजघर डोंगराच्या पोटात असल्याने वरून फारसं काही दिसत नाही. कड्याच्या कठड्यापाशी वारा जोरदार असतो. सायकल आडवी ठेवा, उभी टेकवलीत तर पडेल.

घाटघरला घड्याळ बघा

सगळ्या दिवसातला महत्त्वाचा निर्णय इथे आहे. अकराच्या आत पोचलात, पाय ठीक आहेत, सायकल कुरकुरत नाही, तर पुढे जा. साडेबारा वाजून गेले असतील किंवा एक ट्यूब खर्ची पडली असेल, तर आल्या वाटेने परत फिरा. इथून पुढे मदत विरळ होत जाते. सोबत कुणी असलं की "चल रे, होईल" म्हणून रेटता येतं; एकट्याला ते परवडत नाही. म्हणून परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवून कागदावर लिहा. कड्यावर उभं राहून ठरवायला गेलात तर उत्साहच जिंकतो.

घाटघर, साम्रद, रतनवाडी

साम्रद हे सांदण दरीचं गाव. दरी पायी बघायची, त्यात खडक आणि पाणी आहे. सायकलच्या दिवशी ती सोडून द्या. तोंडापर्यंत जाऊन येतो म्हणणाऱ्यांचे दोन तास जातात.

साम्रद ते रतनवाडी झाडी दाट आहे. एकट्याने घ्यायची खबरदारी इथेच लागते. वळणाआधी घंटी वाजवा. कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत राहा, बहुतेकदा ती लगेच शांत होतात. म्हशींना आधी जाऊ द्या. अकोले तालुक्यात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधारात किंवा तिन्हीसांजेला हा टप्पा करायचाच नाही.

रतनवाडीला जेवण. एखाद्या घरी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं असेल तर नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात तयार मिळतो. भात दोनदा वाढून घेण्याचा मोह होईल. एकदाच घ्या, अजून अठरा-वीस किलोमीटर बाकी आहेत.

अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर मात्र घाईत बघू नका. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसतं, आणि तुम्ही दुपारी दोनच्या सुमाराला असाल तर ते ऊन नुकतंच कलायला लागलेलं असतं. थोड्याच अंतरावर पुष्करणी आहे, चारी बाजूंनी देवकोष्ठांमध्ये, म्हणजे कोनाड्यांत, मूर्ती असलेली. मागे रतनगड, त्याच्या माथ्याजवळचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, खालूनही ओळखता येतं. प्रवरेचा उगम याच डोंगरात.

जलाशयात पोहायला उतरू नका. काठ शांत वाटतो, पण बुडालेल्या दरीचा उतार पाण्याखालीही तसाच तीव्र आहे आणि पायाखाली गाळ असतो.

परतीचा काठ

तीनला रतनवाडी सोडा. कोलटेंभे, मुतखेलमार्गे शेंडी. ऊन पाठीवर येतं, डाव्या हाताला पाणी चमकतं आणि सकाळी ज्या काठावरून गेलात तो पूर्ण पलीकडे दिसतो. सोंडा इथेही आहेतच. पश्चिमेला रतनगडाची रांग असल्याने सावली घड्याळाच्या आधी पडते. साडेपाचला दिवा लावायला लाजू नका. मध्येच काही बिनसलं तर रतनवाडी-शेंडी रस्त्यावर पिकअप किंवा जीप मिळण्याची शक्यता बरी असते. गंभीर काही असेल तर ११२, आणि ग्रामीण रुग्णालय व पोलीस ठाणं राजूरला.

खोलीवर पोचल्यावर आधी घरमालकांना आल्याचं सांगा, मग साखळी फडक्याने पुसून तेल घाला, टायरमध्ये रुतलेली खडी काढा. दुसऱ्या दिवशी दौरा पुढे न्यायचा असेल तर रंधा धबधब्यावरून राजूर, अकोले, संगमनेर असा प्रवरेच्या सोबतीने रस्ता आहे. एकूण उताराचाच, पण राजूरच्या आसपास काही चढ आहेत, त्यामुळे रात्री भात दोनदा घ्यायला हरकत नाही.