डोंगरातली वाट सगळ्यांची आहे: चालणारे, सायकलवाले, घोड्यावरचे, सगळ्यांनी या चुका टाळा

गेल्या रविवारी खारघरच्या टेकडीवर परत तेच बघितलं. वळणावर आठ-दहा जण वाट अडवून फोटो काढतायत, वरून एक मुलगा सायकलवर सुसाट, बेल नाही की आवाज नाही, आणि मधोमध वाडीवरची एक मावशी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उभी, कारण दोन्हीकडून कोणी तिला जागाच देत नव्हतं. शेवटी तीच कडेच्या काट्यांत उतरली, मोळीसकट. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. १५ वर्षं झाली ठाण्या-नवी मुंबईच्या डोंगरांत चालतोय, त्यातली ९-१० सायकलपण चालवतोय, माणसं दरवर्षी नवी येतात आणि चुका मात्र जुन्याच.

पहिली चूक म्हणजे वाट कोणी कोणाला द्यायची हेच माहीत नसणं. परदेशात जिथे एकाच वाटेवर चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार असतात तिथे बऱ्याच ठिकाणी सुरुवातीलाच कोणी कोणाला वाट द्यायची हे दाखवणारी त्रिकोणी पाटी लावलेली असते. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही सायकलवाल्यांचीच संघटना, १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली, आणि ती स्वतः आपल्या लोकांना सांगते की सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची. चालणाऱ्याने घोड्याला द्यायची. घोड्याने कोणालाच द्यायची नाही. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढणाऱ्याचा एकदा दम तुटला की मधल्या चढावर परत सायकल सुरू करणं फार अवघड जातं.

त्या पाटीवर आपल्याकडची एक गोष्ट नाही, ती मी माझ्यापुरती जोडून घेतलीय. डोक्यावर ओझं असलेलं माणूस सगळ्यात आधी, घोड्याच्याही आधी. मोळी, हंडा, गवताचा भारा, काहीही असो. त्या माणसाला मान वळवता येत नाही, खाली बघता येत नाही, पटकन थांबता येत नाही. ठाण्याला येऊरच्या पाड्यांवरची, खारघरला चाफेवाडी-फणसवाडीची माणसं या वाटांवर आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. आपण रविवारी येतो, ती रोज जातात. मी सायकलवरून उतरतो, सायकल वाटेबाहेर घेतो आणि ती पुढे गेल्यावरच परत बसतो. अर्धं मिनिट जातं. तेवढाही वेळ नसेल तर डोंगरात येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घोडा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ठाण्या-नवी मुंबईतल्या बहुतेकांना वाटेवर घोडा भेटतो तो थेट माथेरानला, आणि तोपर्यंत कोणी काही शिकवलेलं नसतं. आमचंही तसंच झालं होतं. जुलै महिना, ठाण्याहून कर्जत लोकल, नेरळला उतरून वर. गाड्या दस्तुरीलाच थांबतात, तिथून आम्ही सहा जण लाल चिखलातून बाजाराकडे चालत निघालो. रिपरिप चालू. समोरून एक घोडा आला, वर ९-१० वर्षांची मुलगी, लगाम धरून घोडेवाला चालत. आम्ही पाच जण कडेला झालो. सहावा मित्र भला माणूस, त्याला वाटलं घोडा बिचकायला नको, म्हणून तो झाडामागे जाऊन उभा राहिला. तेवढ्यात पाऊस वाढला. त्याने सॅकमधून नवाकोरा निळा प्लॅस्टिकचा पोंचो काढला आणि नेमका घोडा शेजारी आल्यावर फडाफडा झटकून उघडला.

घोडा जागच्या जागी आडवा उडाला. मुलगी एका बाजूला लोंबकळली, घोडेवाल्याने एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने लगाम सोडला नाही, त्यात त्याच्या पायावर खूर पडला. मुलीला काही झालं नाही. त्याच्या अंगठ्याचं नख गेलं, रक्त चिखलात. त्याने आधी घोड्याची मान थोपटली, मग मुलीला नीट बसवलं, मग आमच्याकडे वळला. आम्हाला वाटलं आता शिव्या बसणार. तो एवढंच म्हणाला, "साहेब, लपलात तिथंच चुकलं. समोर उभं राहून दोन शब्द बोलला असतात तर त्याला कळलं असतं की माणूस आहे."

हे वाक्य मी आजवर प्रत्येक नव्या माणसाला सांगितलंय. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी कपाळासमोरचं आणि थेट मागचं सोडून. झाडामागे काहीतरी लपलंय हे त्याला कळतं, पण ते काय आहे ते कळत नाही, आणि मग तिथून अचानक मोठं, आवाज करणारं काहीतरी बाहेर येतं. त्याच्या दृष्टीने तो बिबट्याच.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. घोडा दिसला की थांबतो. पोंचो, छत्री, सेल्फी स्टिक जे हातात असेल ते तसंच ठेवतो, उघडत नाही, मिटत नाही. घोडेवाल्याशी बोलायला लागतो, "काय मामा, कुठवर?" एवढं पुरतं, विषय काय आहे याला महत्त्व नाही, माणसाचा साधा आवाज जाणं महत्त्वाचं. जागा असेल तर वाटेच्या उताराकडच्या बाजूला उभा राहतो, कारण घोडा वरच्या अंगाला उभ्या असलेल्या गोष्टीला जास्त घाबरतो आणि बिथरला तर बहुधा चढाकडे पळतो. पण हा नियम पाठ करून कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहू नका. सह्याद्रीत उताराकडची बाजू म्हणजे कधी कधी सरळ दरी असते, तिथे घोडेवाला सांगेल तिथे उभं राहायचं. सायकल असेल तर २०-२५ पावलं आधीच उतरायचं. पेडल थांबवलं की मागच्या चाकाचा जो टर्रर्र आवाज येतो ना, आपल्याला तो छान वाटतो, घोड्याला नाही वाटत. आणि मागून येताय तर लांबूनच हाक मारा, उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी चूक, जिचा मला खरोखर राग येतो, शॉर्टकट. नागमोडी वाट दिसली की नवख्या माणसाला मधून सरळ वर घुसायचंच असतं. १० मिनिटं वाचली म्हणून खूश. अरे, ती वाट नागमोडी का आहे? ज्यांनी पाडली त्यांना सरळ जाता येत नव्हतं का? वळणं घेत गेलेल्या वाटेवरून पाणी हळू उतरतं. तुम्ही मधून सरळ रेघ पाडली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी तीच रेघ धरतं, माती जाते, मुरूम उघडा पडतो, दोन पावसाळ्यांत तिथे नाळ, म्हणजे खोल घळ, तयार होते आणि उन्हाळ्यात नुसता घसारा. मग त्याच घसाऱ्यावरून घसरून लोक म्हणतात ट्रेल खराब आहे.

आणि येऊरला अजून एक गोष्ट आहे, कारवी. ती ८ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. फुलून बी पडलं की जुनी झुडपं मरतात आणि नव्या पावसात बियांमधून नवी रोपं येतात. आत्ता जी बोटभर ते गुडघाभर रोपं दिसतायत ना वाटेच्या कडेला, ती २०३२ ला फुलणार आहेत. तुमच्या शॉर्टकटखाली तीच जातात. फुलांचे फोटो काढायला गर्दी केलेलीच माणसं दोन वर्षांनी त्या रोपांवरून सायकल नेताना बघितली आहेत मी, आणि थांबवलंयसुद्धा.

डबक्याचंही तेच. बूट खराब होतील म्हणून कडेने गेलात की वाट रुंद होते, पुढचा अजून कडेने जातो, फूटभराची पायवाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. डबक्यातून सरळ जा. बूट धुता येतात. पाऊस जोरात होऊन गेला असेल तर माझी सवय अशी, टायरचा ठसा बोटाच्या एका पेराएवढा खोल उठला की त्या दिवशी सायकल मागे फिरवायची आणि डांबरी रस्त्यावर चालवायची. ते चर वाळून दगडासारखे होतात आणि नंतर चालणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो.

सायकलच्या तक्रारी ज्या मला कायम ऐकायला मिळतात त्या भराभर सांगतो.

"उतारावर सायकल उड्या मारते, हात भरून येतात." हवा बघा. रस्त्यासाठी ५०-६० पीएसआय भरून तसेच डोंगरात आलेले असता. माझं वजन ७० किलो, ट्युबलेस टायरला मी २५ च्या आसपास ठेवतो, ट्यूब असेल तर ३०-३२, कारण फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते.

"ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं." तुम्ही वळणात ब्रेक दाबताय. वळणाच्या आधी दाबा, दोन्ही, एकेका बोटाने, आणि वळणात सोडा. फक्त मागचा ब्रेक दाबायची सवय लहानपणापासूनची, ती मोडा. थांबवण्याची ताकद जास्त करून पुढच्या ब्रेकमध्येच असते, फक्त तो हळूहळू दाबायचा, एकदम नाही.

"चढावर पुढचं चाक उचलतं." सीटवर पुढे सरका, छाती खाली.

उतारावर सीटवर बसून राहू नका, पेडल आडवी समांतर ठेवून उभे राहा आणि नजर पुढच्या चाकावर नाही तर चार-पाच सायकलींच्या लांबीएवढी पुढे. हे एका दिवसात येत नाही. पहिल्याच महिन्यात व्हिडिओ बघून ड्रॉप मारायला, म्हणजे उंच दगडावरून सायकलसकट खाली उडी घ्यायला, जाणाऱ्यांना मी बरोबर घेत नाही, आधी तीन-चार महिने साध्या उतारावर ब्रेक शिका, मग बोलू.

इयरफोन लावून येऊ नका, दोन्ही कानांत तर अजिबात नाही. स्पीकर तर नकोच. कुत्रा आणू नका, येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच बाजू आहे, बिबट्याचं जंगल. तिथे गेटची वेळ असते, आतल्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते, मागच्या बाजूने शिरणं म्हणजे बहादुरी नाही. अंधार पडायच्या आत बाहेर. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याला बंदी असेल तर ती बंदी पाळा, नाल्याचं पाणी वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही वाढतं.

आणि ग्रुपने जाताना एक छोटी गोष्ट, जी जवळजवळ कोणीच करत नाही. कोणाला ओलांडून जाताना मागे किती जण आहेत ते सांगा. "मावशी, मागे अजून तिघं आहेत." त्याच्या मागचा म्हणेल दोन, त्याच्या मागचा एक, आणि शेवटच्याने "मी शेवटचा" असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे काट्यांत उभी राहिलेली मावशी मोळी घेऊन परत वाटेवर येऊ शकते.