पोलिसांच्या मारहाणीची तक्रार: पहिल्या मेडिकलपासून खटल्याच्या मंजुरीपर्यंत

अटक करताना माणूस प्रतिकार करत असेल, तर पोलिसांना अटकेपुरते बळ वापरता येते. तो ताब्यात आल्यावर मात्र, तो पळून जाऊ नये यासाठी लागेल तेवढाच अटकाव कायद्याला मान्य आहे. कबुलीसाठी मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खालचा गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत, आणि दुखापत गंभीर असल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरीही खटला उभा राहणे हे तपास अधिकारी, शासन आणि सरकारी वकील यांच्या निर्णयांवर अवलंबून असते. हे निर्णय तक्रारदाराच्या हातात नसतात. पण नकार देणाऱ्याला सबळ कारण लिहावे लागेल असा पुरावा उभा करणे त्याच्या हातात असते, आणि ते काम पहिल्याच दिवशी सुरू करावे लागते.

अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करणे आणि त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला देणे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार बंधनकारक आहे. डॉक्टरांसमोर पोलीस उभे असले, तरी कुठे, कशाने आणि केव्हा मारले हे स्पष्ट सांगावे. ‘किरकोळ दुखापत’ एवढाच शेरा पुढे निरुपयोगी ठरतो. ‘दोन्ही तळपायांवर सूज, डाव्या मांडीच्या मागे सहा सेंटिमीटर लांबीचा लालसर वळ’ अशी नोंद झाली पाहिजे, कारण वळाच्या रंगावरून दुखापत किती जुनी आहे याचा अंदाज बांधता येतो आणि ती अटकेपूर्वीची होती हा बचाव तिथेच अडतो. सुटका झालेली असल्यास सरकारी रुग्णालयात जाऊन केसपेपर काढावा.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केल्यावर ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारले जाते. मागे तेच पोलीस उभे असताना ‘आहे’ म्हणणे किती कठीण असते, हे मी हलक्यात घेत नाही. पण ‘तक्रार नाही’ अशी नोंद एकदा झाली की वर्षानुवर्षे तीच पुढे केली जाते. म्हणून त्या क्षणी बोलावे, अंगावरचे वळ दाखवावेत आणि त्याची नोंद रिमांडच्या आदेशात घेण्याची विनंती वकिलामार्फत करावी. त्याच वेळी पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याचा अर्ज द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार ते अठरा महिने, आणि तशी यंत्रणा नसेल तिथे किमान एक वर्ष, साठवायचे असते. अर्जात तारीख, वेळ आणि खोली नमूद करावी.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवून पोच जपून ठेवावी आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. हा क्रम सोडल्यास अर्ज त्याच मुद्द्यावर फेटाळला जाऊ शकतो. आरोपी लोकसेवक असल्यामुळे न्यायालय वरिष्ठांचा अहवाल मागवू शकते, त्यामुळे विलंब गृहीत धरावा. पोलिसांविरुद्ध खटला दाखल करण्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये असलेली सहा महिन्यांची मुदत बचाव पक्ष हमखास पुढे करतो. म्हणून न्यायालयातील तक्रार त्याआधीच दाखल व्हावी. तपासाअंती ‘ब’ (तक्रार खोटी) किंवा ‘क’ (तक्रार गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची) समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल आला, तर तो स्वीकारण्यापूर्वी तक्रारदाराला नोटीस मिळालीच पाहिजे, आणि त्या वेळी लेखी हरकत घ्यावी.

यानंतर येते लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी लागणारी शासनाची मंजुरी. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर अटक झालेल्या ख्वाजा युनूस यांच्या कोठडीतील मृत्यूप्रकरणी सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला होता. शासनाने खटल्यास मंजुरी दिली ती फक्त चौघांविरुद्ध. आणखी चौघांना आरोपी करावे असा अर्ज केल्यानंतर, २०१८ मध्ये त्या खटल्यातील विशेष सरकारी वकिलांनाच हटवण्यात आले. म्हणूनच कोठडीतील मारहाण हा कर्तव्याचा भाग नाही, सबब मंजुरीची गरजच नाही, हा मुद्दा प्रथम मांडावा. मात्र कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर अतिरेकी कृत्यालाही मंजुरी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले असल्याने मंजुरीची मागणीही सोबत करावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार मागणी मिळाल्यापासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असे मानले जाते. आवक शिक्क्यावरील तारीख इथे निर्णायक ठरते. शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

सरकारी वकिलाला खटला मागे घेता येतो, पण न्यायालयाच्या संमतीनेच, आणि त्याच संहितेच्या कलम ३६० नुसार पीडिताचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय ती संमती देता येत नाही. ही संधी सुनावणीची तारीख न कळल्यामुळे हुकू नये म्हणून सरकारी वकिलांना साहाय्य करणारा स्वतःचा वकील नेमण्याची परवानगी सुरुवातीलाच मागावी. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे: कोठडीतील व्यक्ती, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.