दोन रंगांचा चामडी पट्टा: मधली रेष स्वच्छ राखण्याची पद्धत

दोन रंगांच्या पट्ट्याची खरी परीक्षा एकाच जागी होते, ती म्हणजे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे. शिवण थोडी वाकडी गेली तरी चालून जाते, पण रंग फुटून पलीकडे पसरला की पट्टा वाया. म्हणून इथली सगळी कामे त्या रेषेच्या हिशोबाने लावली आहेत. पट्टा 38 मिमी रुंद, मध्ये 24 मिमी मधाळ तांबूस, दोन्ही कडांना 7-7 मिमी गडद तपकिरी.

कातडे झाडपाल्यावर कमावलेलेच हवे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तेही याच जातीचे. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेले चामडे रंग नीट पीत नाही, त्याची कापलेली कड निळसर-राखाडी दिसते आणि कितीही घासली तरी चकाकत नाही. पारख सोपी आहे. वरच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकावा; तो लगेच मुरून डाग गडद झाला तर कातडे कामाचे. जाडी 3 ते 3.5 मिमी, भाग पाठीचा. पोटाकडचे कातडे स्वस्त मिळते, पण पट्टा वापरात ताणतो आणि भोके लांबट होतात.

लांबीसाठी पँटचा नंबर धरू नये. वापरातला पट्टा घेऊन, बकलच्या दांडीला चामडे टेकते तिथपासून रोज लागणाऱ्या भोकापर्यंत मोजावे. हे माप 92 सेमी असेल तर टोकाकडे 12 आणि बकलमागे दुमडायला 7.5 मिळवून एकूण 111.5 सेमी. मधले भोक 92 वर, त्याच्या दोन्ही बाजूंना 2.5 सेमी अंतराने दोन-दोन. शेवटच्या भोकापुढे 7 सेमी उरतात.

आधी पोलादी पट्टी लावून कातड्याची एक कड सरळ करावी, मग स्ट्रॅप कटरने पट्टा ओढावा. पहिलीच कड वाकडी असेल तर कटर तोच बाक पूर्ण लांबीभर उतरवतो. बकलच्या जिभेसाठी दुमडीवर 25 मिमी लांब, 6 मिमी रुंद खाच लागते: दोन टोकांना पंचने भोके पाडून मधला भाग कापावा. दुमडीचा 7.5 सेमी भाग मागून रापीने तासून 2 मिमीवर आणावा, नाहीतर तिथे गाठ येते. दोन नंबरच्या बेव्हलरने चारही धारा मोडाव्यात. भोकेही आताच पाडायची. रंगानंतर पाडली तर आतला फिका भाग उघडा दिसतो.

आता रेष. ग्रूव्हर, म्हणजे चर पाडायचे हत्यार, कडेपासून 7 मिमीवर लावून एका दमात, सारख्या दाबाने ओढावा. खोली अर्धा मिमी पुरे. खोल गेला तर वाकवताना पट्टा तिथेच चिरतो. ही चर म्हणजे बांध, असे समजून ब्रश भरभरून चालवू नये. चरीत कातड्याचे तंतू उघडे असतात, ते रंग झपाट्याने शोषतात आणि जादा रंग पलीकडे चढतो.

फिका रंग आधी, संपूर्ण पट्ट्यावर. कातडे ओल्या स्पंजने पुसून दमट करावे म्हणजे रंगाचे पट्टे पडत नाहीत. पहिला हात रंग निम्मा पातळ करून, सुती कापडाने गोल-गोल. मग लांबीच्या दिशेने दोन हात. या वेळी आजूबाजूला लोखंडाचा कीस किंवा गंजलेले हत्यार नको. ओल्या कातड्यातले टॅनिन (कमावताना सालीतून उतरलेला तुरट अंश) लोखंडाला लागले की निळे-काळे डाग पडतात, आणि फिक्या रंगावर ते लपत नाहीत. चोवीस तास वाळू द्यावे. पावसाळ्यात दोन दिवस, पंख्याखाली. उन्हात मात्र ठेवू नये, कातडे कडक होते.

वाळल्यावर मधल्या भागावर चरीपर्यंत ॲक्रिलिक फिनिशचे दोन पातळ हात द्यावेत. गडद रंग पाण्यावरचाच घ्यावा, कारण स्पिरिटचा रंग हे ॲक्रिलिक विरघळवून खाली शिरतो. 6 मिमीचा चपटा ब्रश बुडवून कापडावर टिपावा, बाहेरच्या कडेपासून आत यावे आणि चरीच्या 1 मिमी अलीकडे थांबावे. उरलेले अंतर रंग आपणच चालून जातो. दोन हात द्यावेत. हे आधी त्याच कातड्याच्या कापलेल्या तुकड्यावर करून बघावे. प्रत्येक कातडे वेगळ्या वेगाने पिते.

गडद रंग मध्ये शिरलाच तर तो खरवडून किंवा धुऊन जात नाही. दोन्ही बाजूंना चर 1 मिमी आत नवीन मारावी आणि गडद किनार 8 मिमीची करावी. एकाच बाजूला सरकवली तर डोळ्याला लगेच खटकते.

कापलेल्या कडा 220, 400, 600 अशा पॉलिश पेपरने घासून गडद रंगवाव्यात. मग किंचित पाणी आणि मेण लावून जाड कॅनव्हासने गरम होईपर्यंत चोळाव्यात. कडेवर खरेखुरे श्रम इथे जातात, घाई केली की ती आठवड्यात फुलते.

पट्ट्याचे टोक अडकवायच्या फिरत्या कडीसाठी 12 मिमी रुंद, साधारण 98 मिमी लांब पट्टी. टोके समोरासमोर जोडून शिवावीत. दुमड किंचित ओली करून बकल बसवावे आणि कडीच्या दोन्ही अंगांना 4 मिमी अंतराच्या टाक्यांनी, 0.8 मिमीच्या मेणदोऱ्याने, दोन सुयांनी शिवावे. दोरा शिवणीच्या चौपट घ्यावा.

शेवटी पांढऱ्या सुती कापडाने कडा जोरात पुसाव्यात. कापडाला तपकिरी रंग येत असेल तर पुसत राहावे, तो येणे थांबल्यावरच त्यावर फिनिशचा हात द्यावा. नाहीतर हाच रंग शर्टाला लागतो. तेल अगदी थोडे आणि फक्त मागच्या बाजूने: वरून दिलेले तेल फिका रंग गडद करते आणि दोन रंगांतला फरक कमी होतो.