हप्ता अडकलाय? एसटी पकडायच्या आधी हे बघा

औसा तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे दोन हजार रुपये लोकांच्या खात्यावर पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात चपलांची गर्दी होते. "ताई, शेजारच्याला आले, मलाच कसे नाहीत?" विचारावं तर मामा आधीच बँकेत जाऊन आलेले असतात. तिथून कुणीतरी कृषी कार्यालयात पाठवलेलं, तिथून तलाठ्याकडे. हप्ता दोन हजारांचा आणि रोजगार बुडाला तो वेगळाच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: कुठंही जायच्या आधी पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ उघडा. नोंदणी क्रमांक लागतो. तो हरवला असेल तर आधार किंवा मोबाईल नंबर टाकून तिथंच सापडतो. आत तीन ओळी शोधा: ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन खात्री), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) आणि आधार बँक सीडिंग (बँक खात्याला आधार जोडणं). प्रत्येकीपुढं ‘यस’ किंवा ‘नो’ असतं. ‘नो’ कुठल्या ओळीत आहे त्यावरून कुठलं कार्यालय गाठायचं ते ठरतं.

ई-केवायसी ‘नो’ असेल तर काम सगळ्यात सोपं. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर होतं, नसेल तर केंद्रात अंगठा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. त्यांच्यासाठी पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून करायची सोय आहे. नातवाला सांगा, घरी बसून होईल.

आधार बँक सीडिंगमध्ये मात्र लोक हमखास फसतात. पासबुकाला आधार जोडलंय म्हणजे झालं, असं वाटतं. पण सरकारी पैसा खाते नंबरावर येत नाही, आधारावर येतो. आणि ज्या बँकेत आधार शेवटचं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, जोडलं, तिथं जातो. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीसाठी कित्येक बायकांनी नवी खाती काढली. आता सातबारा त्यांच्या नावावर असेल तर पीएम किसानचा हप्ताही त्याच खात्यात पडतो, आणि जुनं पासबुक छापून घरात भांडण. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलीय ते दिसतं. साधा फोन असेल तर *९९*९९*१# लावून बघा. जोडलेलंच नसेल तर बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असं स्पष्ट लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. पोस्टमनकडून पोस्टाच्या बँकेत खातं काढलं तरी चालतं.

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर बँकेचा काही संबंध नाही. ताजा सातबारा, आठ अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालय गाठा. सातबाऱ्यावर ‘कौशल्याबाई’ आणि आधारवर ‘कौसल्या’ असलं तरी घोडं अडतं. चूक सातबाऱ्याच्या लिखाणात असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलला दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हप्त्याची वाट न बघता आजच करा. शेतकरी ओळखपत्र, म्हणजे ॲग्रिस्टॅकचा फार्मर आयडी, काढलेला नसेल तर तोही याच फेरीत उरका. एप्रिल २०२५ पासून राज्यानं कृषी योजनांसाठी तो सक्तीचा केलाय.

आता पात्रतेचं. इथं गोड बोलून उपयोग नाही. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी तुमच्या नावावर असायला हवी. नंतर विकत घेतली, वडील हयात असताना वाटणी करून घेतली किंवा बक्षीसपत्र केलं, तर बसत नाही. सवलत एकच: मालक वारला आणि वारसानं जमीन आली तर. म्हणून वारस नोंद लांबवू नका. कायद्यानं तीन महिन्यांत कळवायचं असतं, ई-हक्क प्रणालीवर घरूनही अर्ज होतो. वारलेल्या माणसाच्या नावावर येणारे हप्ते मात्र काढत बसू नका, ते परत मागतात. वारसानं स्वतःची नवी नोंदणी करायची.

नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबात एकालाच. दोघांच्या नावावर वेगळी जमीन असली तरी एकालाच. २०२५ मध्ये दोघांनाही मिळणाऱ्या बऱ्याच जणांचे हप्ते तपासणीसाठी थांबवले गेले. तुमचे थांबले असतील तर कुणाचं चालू ठेवायचं ते घरात ठरवूनच कृषी कार्यालयात जा.

मागच्या वर्षी आयकर भरलेला चालत नाही. पण ट्रॅक्टरच्या कर्जासाठी नुसतं शून्याचं विवरण भरलं, कर भरलाच नाही, तर त्यानं अपात्र होत नाही. सरकारी नोकरदार आणि दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शनवाले बाद. शिपाई-चतुर्थ श्रेणीला सूट आहे. बटईनं कसणाऱ्याला काहीच नाही, कारण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. जो खरंच घाम गाळतो तोच बाहेर राहतो, हे मला कधीच पटलं नाही, पण नियम तसा आहे.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीसाठी वेगळा अर्ज नाही. केंद्राचं सुरू असेल तर तेही येतं, वर्षाला आणखी सहा हजार. कुणी ‘नमोचा फॉर्म’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आणि बायकांनो, या दोन्हींचे बारा हजार मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे दीड हजार नाही, पाचशेच येतात. ती चूक नाही, हिशेबच तसा आहे.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान एपीके’ अशी ॲपची फाईल आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं. तिन्ही ओळींत ‘यस’ आहे आणि तरी हप्ता नाही, तर १५५२६१ ला फोन करा, नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्या.