सासूबाई पार्किंगमध्ये घसरल्या, त्यानंतरची तयारी

जानेवारीत न्यू जर्सीतल्या एडिसनला एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये सासूबाई बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. मॅनेजर धावत आला, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून त्या म्हणाल्या, “अगं सांग त्याला, माझंच लक्ष नव्हतं.” मी शहाणीने ते इंग्रजीत करून सांगितलं आणि त्याने रिपोर्टमध्ये उतरवून घेतलं. म्हणून भारतातून आई-वडील येणार असतील तर पहिली तयारी तोंडाची. काय झालं एवढंच सांगायचं. कुणाचं चुकलं ते नाही.

कारण पडल्याबद्दल जागेच्या मालकाकडे भरपाईचा दावा केला, तर न्यू जर्सीत दोष टक्क्यांत वाटला जातो. नुकसान ४०,००० डॉलर ठरलं आणि तुमचा दोष २५ टक्के निघाला, तर हातात ३०,००० येतात. दोष ५० टक्क्यांपर्यंत असला तरी चालतो. तो समोरच्यापेक्षा जास्त ठरला की काहीच नाही. आपली ‘जाऊ दे हो’ वृत्ती इथे अशी पैशात मोजली जाते! आणि कायदा लागतो तो सहसा जिथे पडलात तिथला, तुम्ही राहता तिथला नव्हे. न्यूयॉर्कमध्ये तुमचा दोष मोठा असला तरी उरलेला वाटा मागता येतो. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये मात्र थोडासा दोष तुमच्याकडे आला तरी सहसा दावाच बुडतो. तेव्हा कागदावर सगळ्यात आधी राज्याचं नाव लिहा.

मग फोटो. दुपारी ऊन आलं की बर्फ वितळून जातो, त्यामुळे जागा तेव्हाच टिपायची: जवळून, लांबून, बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं दिसतंय का, पाणी कुठून ठिबकत होतं. आमच्याकडे वरच्या पन्हळीतून पाणी थेट चालायच्या वाटेवर पडत होतं. ते माझ्या नवऱ्याला दिसलं, मला नाही. बर्फ पडणं कधी थांबलं तेही लिहून ठेवा. चालू वादळात बर्फ न काढल्याबद्दल दुकानदाराला सहसा धरता येत नाही, असं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं आहे. पायातले बूट न धुता पिशवीत बांधून ठेवा. पाहणाऱ्यांचे फोन नंबर घ्या. कॅमेऱ्याचं फुटेज पुसलं जाण्याआधी ते जपून ठेवण्याची मागणी लेखी पाठवा.

आता तारखा. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्यावरच लाल पेनने खुणा केल्या. खाजगी मालकावर दावा लावायला न्यू जर्सीत साधारण दोन वर्षं मिळतात. पण पडलात ती जागा गावाची, सरकारी शाळेची किंवा एनजे ट्रान्झिटची, म्हणजे राज्याच्या बस-रेल्वे सेवेची असेल तर ९० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते. लोक दोन वर्षांच्या भरवशावर राहतात आणि तिसऱ्या महिन्यातच दार बंद होतं. म्हणून जागेचा मालक कोण, हे पहिल्याच आठवड्यात काढा.

डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. “सूज उतरेल, हळद लावू” म्हणत चार दिवस काढलेत तर समोरची विमा कंपनी विचारणारच की इतकं दुखत होतं तर थांबलात कशाला. त्या कंपनीचा फोन येईल, गोड आवाजात, रेकॉर्डिंग करू का म्हणून. वकिलाशी बोलून कळवते, एवढं पुरे. वकील बहुधा जिंकल्यावरच फी घेतात. न्यू जर्सीत पहिल्या साडेसात लाख डॉलरवर ती जास्तीत जास्त एक तृतीयांश असते, पण दाव्याचा बाकीचा खर्च कोणाकडे, हे सही करण्याआधी विचारा. व्हिजिटर इन्शुरन्सची, म्हणजे पाहुण्यांसाठी काढलेल्या आरोग्य विम्याची पॉलिसीही सोबत न्या. भरपाईतून त्या विमा कंपनीला काही परत द्यावं लागतं का, ते त्यात असतं.

परत जायचं तिकीट असेल तर निघण्याआधी एक्स-रेची सीडी आणि सगळे रिपोर्ट मागून घ्या. पुढची फिजिओथेरपी पुण्यात झाली तरी शिक्क्याची बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जमवत राहायचं.

सासूबाईंचे बूट अजून आमच्या बेसमेंटमध्ये पिशवीत आहेत. पुण्याहून फोन आला की नातवाच्या आधी बुटांची चौकशी होते.