‘मेरी ख्रिसमस’ की ‘हॅपी हॉलिडेज’? अमेरिकेतील ख्रिस्ती मराठी कुटुंबांसाठी

अमेरिकेत नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण आटोपला की दुकानांत ‘मेरी ख्रिसमस’ म्हणावे की कोणत्याही सणाचे नाव न घेता ‘हॅपी हॉलिडेज’, हा शुभेच्छांचा वाद पुन्हा डोके वर काढतो. २००५ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीच्या जाहिरातींत ख्रिसमसचे नाव नाही म्हणून अमेरिकन फॅमिली असोसिएशन या पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनेने बहिष्काराची हाक दिली होती, तर २०१५ मध्ये स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या लाल पेल्यांवर नाताळची नक्षी नाही म्हणूनही गदारोळ झाला. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर असा बहिष्काराचा निरोप आला, तर तो पुढे पाठवण्यापूर्वी थोडा इतिहास आठवावा. १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला, आणि तो ठरवणारे नास्तिक नव्हते, तर ज्या सणाला पवित्र शास्त्रात आधार नाही तो पाळू नये असे मानणारे कट्टर प्युरिटन ख्रिस्ती होते. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, आणि नाताळ केंद्र सरकारची सुट्टी झाला तो थेट १८७० मध्ये. तेव्हा दुकानदाराच्या दोन शब्दांवर आपला विश्वास टिकून आहे, असे मानण्याचे कारण नाही.

दुकानात बिल करणारी मुलगी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणाली, तर हसून ‘थँक यू, मेरी ख्रिसमस’ म्हणावे, पण ते तिची चूक दुरुस्त करण्याच्या सुरात म्हणू नये. ती सकाळपासून उभी असते, मागे रांग लागलेली असते आणि काय बोलायचे हे बहुधा तिच्या व्यवस्थापकाने ठरवून दिलेले असते. शेजारी ज्यू असल्याचे ठाऊक असेल, तर त्यांना त्यांच्या हनुक्का सणाच्या शुभेच्छा द्याव्यात. त्याने प्रभूचा अवमान होत नाही. ठाऊक नसेल, तर आपला सण आपल्या नावाने सांगायला संकोच करू नये. तुम्ही स्वतः काउंटरवर काम करत असाल आणि दुकानाचे ठरावीक शब्द मनाला टोचत असतील, तर ग्राहकासमोर अडून न बसता व्यवस्थापकाशी एकांतात बोलावे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे संरक्षण कामाच्या ठिकाणी धर्मालाही आहे. मात्र रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने, कोणी एक दिवस विशेष मानतो तर कोणी सगळे दिवस सारखेच मानतो, असे सांगून दिवसांवरून एकमेकांना दोषी ठरवू नये असे बजावले आहे, ते आधी वाचून घ्यावे.

माझ्या मते खरा प्रश्न आपण डिसेंबर कशात घालवतो हा आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, याची. कोणी कोणत्या शब्दांत अभिवादन केले याची नव्हे. म्हणून बहिष्काराच्या चर्चेत संध्याकाळ घालवण्याऐवजी गरजूंना अन्न पुरवणाऱ्या जवळच्या फूड बँकेला फोन करून त्यांना या आठवड्यात काय कमी पडते आहे ते विचारावे, आणि नाताळच्या जेवणाला, घरापासून दूर एकट्या राहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, आठवडाभर आधीच आमंत्रण द्यावे.