पक्षीनिरीक्षणाच्या गटात नवख्यांची आणि जाणकारांची फेरी वेगळी कशी करावी

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जमणारा पक्षीनिरीक्षकांचा गट वाढला की तो चालता चालता लांबत जातो. पुढचे चारपाच जण काठाच्या चिखलात फिरणाऱ्या एखाद्या तुतवारापाशी खिळून उभे राहतात. मागच्यांना तिथं चिखलावर काहीतरी हललं एवढंच दिसतं. मागचे गप्पांत रमतात, पुढचे "जरा शांत राहा की" म्हणून वैतागतात आणि पुढच्या रविवारी नव्यांतले बरेचजण फिरकत नाहीत. गटात माणसं किती झाली यापेक्षा हे लक्षण महत्त्वाचं. ते दिसलं की फेऱ्या वेगळ्या करायची वेळ आली असं समजावं.

मात्र वेगळ्या करायच्या त्या फेऱ्या, माणसं नव्हेत. हा फरक सुरुवातीलाच सगळ्यांच्या गळी उतरवावा लागतो. 'ज्युनिअर' आणि 'सीनिअर' अशी नावं दिली की पहिल्याच महिन्यात रुसवेफुगवे सुरू होतात. त्यापेक्षा त्या दिवशी काय करायचं आहे त्यावरून नाव द्यावं. एक 'ओळखीची फेरी' आणि दुसरी 'नोंदीची फेरी'. पहिलीत थोडे पक्षी भरपूर वेळ बघायचे. दुसरीत दिसेल-ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी मोजायचा, अडलेल्या पक्ष्यावर डोकं लावायचं. कुणी कुठल्या फेरीला यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

कोण कुठे, हे ठरवायचं कसं

परीक्षा घेऊ नका. "तुम्ही आत्तापर्यंत किती जाती पाहिल्या?" हा प्रश्नही कामाचा नाही. एखाद्यानं जाणत्याच्या बोटाच्या दिशेनं बघत दोनशे जातींची यादी केलेली असते आणि तोच एकटा असला की दयाळाची मादी बघून गोंधळतो. भली मोठी लेन्स गळ्यात असणं म्हणजेही जाणकारी नाही.

मला एकच कसोटी पटते. अनोळखी पक्षी दिसल्यावर, तो उडून गेल्यानंतर, त्याचं वर्णन करता येतं का? चिमणीएवढा की साळुंकीएवढा, चोच जाड की बारीक, पायांचा रंग, शेपूट हलवत होता का, जमिनीवर होता की झाडाच्या शेंड्यावर. ज्याला हे सांगता येतं तो नोंदीच्या फेरीला तयार आहे, मग त्याला नावं पन्नासच येत का असेनात. ज्याला "काळा होता, छान होता" एवढंच सांगता येतं, त्याचं ओळखीच्या फेरीत भलं होईल.

दुसरी गोष्ट, चालण्याचा वेग आणि जाण यांची गल्लत करू नये. गुडघे दुखणारे एखादे निवृत्त सर आवाजावरून वटवट्या ओळखतात, पण त्यांना राधानगरीच्या जंगलवाटा झेपत नाहीत. उलट कॉलेजातलं पोरगं दहा किलोमीटर हसत चालेल, पण त्याला बगळा आणि वंचक यांतला फरक अजून कळत नाही. म्हणून नोंदीच्या फेऱ्यांतली निदान एक दर महिन्याला बसून करायची ठेवा. कळंबा तलावाच्या काठावर एका जागी तासभर बसून केलेली नोंद कुठल्याही अर्थानं कमी नसते.

ओळखीची फेरी

सुरुवातीला रंकाळाच घ्या. मोकळ्या पाण्यावरचा पक्षी मोठा असतो, बराच वेळ एका जागी असतो आणि त्याच्या आड पानं येत नाहीत. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वडाच्या गर्द पानांत पर्णवटवट्या शोधायला लावला तर तो छंदालाच रामराम करील. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा पावणेसातला जमावं. शहराच्या बाजूच्या काठावर उभं राहावं, म्हणजे ऊन पाठीशी येतं आणि पक्ष्यांचे रंग खरे दिसतात. उन्हाकडे तोंड करून बघितलं तर सगळेच काळे.

एका म्होरक्यामागे आठाहून जास्त माणसं नकोत. दुर्बिणी दोघांत एक असली तरी चालते. नवी घ्यायची असेल तर ८×४२ सांगा, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. आकडा मोठा तेवढी दुर्बीण चांगली असं समजून लोक २०×ची घेऊन येतात आणि मग हात हलला की पक्षीही थरथरतो, शिवाय एवढ्याशा टापूत तो सापडतही नाही. पहिली दहा मिनिटं दुर्बीण डोळ्यांना लावून घेण्यातच जाऊ द्या. दोन्ही नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांपुरतं जुळवायचं. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं चित्र स्पष्ट करायचं. नंतर डावा मिटून उजव्या नळीवरचं कडं फिरवायचं. एवढं झालं की पुढं फक्त मधलं चाक. चष्मेवाल्यांनी डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत दाबाव्यात. हे न सांगितल्यामुळे "मला दुर्बिणीतून काहीच दिसत नाही" म्हणत कितीतरी लोक छंद सोडतात.

पहिल्या फेरीत वीस पक्षी पुरे झाले. वारकरी, टिबुकली, हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, छोटा पाणकावळा, गायबगळा, वंचक, खंड्या, घार, परतीच्या वाटेवर कोतवाल आणि तांबट. नाव मात्र लगेच सांगायचं नाही. संवाद साधारण असा व्हावा:

"काका, तो काळा कुठला ओ?"

"आधी चोच बघ. कशी हाय?"

"पांढरी. कपाळावर पण पांढरंच हाय काहीतरी."

"आणि पोहताना काय करतोय?"

"मान पुढंमागं हलवतोय."

"हां. तो वारकरी."

या पोराला वारकरी पुन्हा कुणी दाखवावा लागत नाही.

वंचकासाठी वेळ राखून ठेवा. दगडी काठावर मान आखडून, मातकट रंगाचा, रेघारेघांचा हा पक्षी बसलेला असतो. डोळ्यांसमोर असूनही नव्यांना तो दिसत नाही. मग तो उडतो आणि पंख पांढरेशुभ्र उघडतात. बघणाऱ्यांच्या तोंडून "अरे!" निघतंच. बसलेला पक्षी आणि उडता पक्षी वेगळा दिसतो, हे इथं जसं ठसतं तसं कुठल्या पुस्तकातून ठसत नाही. पावसाळ्यात त्याच्याच पाठीवर विणीचा गडद तांबूस रंग चढतो, तो बघायला त्याच माणसांना जुलैत पुन्हा बोलवा.

मोबाइलवरचं पक्षी ओळखायचं 'मर्लिन' अ‍ॅप वापरू द्यावं, पण फेरीच्या शेवटच्या अर्ध्या तासात. आवाज ऐकून ते जे नाव सुचवतं तो अंदाज असतो. पक्षी डोळ्यांनी बघून खात्री केल्याशिवाय वहीत लिहायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लागलेली बरी.

नोंदीची फेरी

हिला कळंबा, शिवाजी विद्यापीठाचा परिसर आणि लगतचा राजाराम तलाव या जागा चांगल्या. थंडीत महिन्यातून एकदा राधानगरी. दाजीपूरचं गवा अभयारण्य १९५८ सालचं, १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरच्या वर. मलबारी राखी धनेश आणि शीळकरी कस्तूर तिथं ऐकायला मिळतात. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं, म्हणून तारीख ठरवण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी.

या फेरीत काम काटेकोर हवं. 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची तर सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या. ओळखलेले सगळे पक्षी लिहायचे, कावळे-पारवेसुद्धा. फक्त दुर्मीळ तेवढे लिहिले तर त्या यादीला 'संपूर्ण' म्हणता येत नाही आणि अभ्यासकाच्या दृष्टीनं तिची किंमत घसरते. एकानं मोजायचं, एकानं लिहायचं, दर फेरीला माणसं बदलायची.

विषय एकच घ्यावा. समजा, तुतवार. कळंब्याच्या चिखलात तीन प्रकारचे करडे-तपकिरी तुतवार फिरताना दिसले तर तिघे वेगळे कसे करायचे? साध्या तुतवाराच्या छातीच्या बाजूनं पांढरा रंग पंखापुढं पाचरीसारखा वर चढलेला असतो आणि त्याचा मागचा भाग सारखा वरखाली होत राहतो. ठिपकेवाल्याच्या पाठीवर भरपूर फिकट ठिपके आणि भुवई ठळक, डोळ्यामागंपर्यंत गेलेली. हिरवा तुतवार वरून सगळ्यांत गडद, आणि उडाला की काळपट पंखांमधून पांढरा पार्श्वभाग झळकतो. एवढ्या तीन पक्ष्यांवर अख्खी सकाळ गेली तरी ती सत्कारणी लागली. याच सकाळी नवखे सोबत असते तर दोघांचंही नुकसान होतं. फेऱ्या वेगळ्या करायच्या त्या यासाठीच.

खात्री नसेल तर 'तुतवार, जात अनिश्चित' असं लिहावं. ते लिहायला जो लाजत नाही त्याच्या बाकीच्या नोंदींवर माझा जास्त विश्वास बसतो.

दोन्ही फेऱ्यांना सारखे लागू असे दोनच नियम ठेवा आणि त्यांत सूट कुणालाच देऊ नका. फोटोसाठी घरट्याजवळ जायचं नाही. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचं नाही. विणीच्या दिवसांत दुसरा नर आला असं समजून तो खाणंपिणं, पिल्लं सोडून धावत येतो.

दोन्ही फेऱ्या एकमेकींना जोडून ठेवणं

खरं अवघड काम हे आहे. तालमीत नवं पोरगं आलं तर वस्ताद त्याला लगेच तगड्या पैलवानाशी भिडवत नाही, पण त्याच्यासाठी माती वेगळी आणत नाही. हौद एकच असतो. आपल्याकडेही तसंच हवं. महिन्यातल्या चारपैकी एक फेरी सगळ्यांची एकत्र ठेवा आणि त्या दिवशी जोड्या लावा, एक जाणता आणि एक नवखा. जोडी लावताना काकांना पुतण्याच्या सोबत देऊ नका, घरच्या माणसासमोर प्रश्न विचारायला लोक कचरतात.

ओळखीच्या फेरीचा म्होरक्या गटातला सगळ्यांत चांगला माणूस असावा. हे सहसा उलटं होतं. जाणते सगळे राधानगरीला जातात आणि नवख्यांना कालपरवा शिकलेल्या कुणाच्या तरी हवाली केलं जातं. मग चुकीची नावं पिढीजात चालत राहतात. नोंदीच्या फेरीला येणाऱ्या प्रत्येकानं तीन महिन्यांतून एकदा तरी ओळखीची फेरी न्यावी, असं आधीच ठरवून टाका. ज्याला हे मान्य नाही त्याला प्रेमानं पण स्पष्ट सांगावं की आमच्या गटाची रीत अशी आहे. "एवढंही माहीत नाही?" हे वाक्य कुणी उच्चारलं तर त्याला तिथल्या तिथं थांबवा, नंतर बाजूला घेऊन सांगून भागत नाही, कारण ज्याला ते ऐकावं लागलं तो तोवर घरी गेलेला असतो.

वाटणी सुरू करायला नोव्हेंबर उत्तम. पाहुणे पक्षी आलेले असतात, आणि ५ ते १२ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून पाळला जाणारा पक्षी सप्ताह असतो, त्यामुळे नवी माणसंही येतात. फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जगभर चालणाऱ्या पक्षीगणनेचे चार दिवस असतात. त्यात पंधरा मिनिटांची मोजणीही चालते, म्हणून ओळखीच्या फेरीतल्यांनी पहिली यादी तेव्हाच भरावी, शेजारी जाणता बसवून. पावसाळ्यात दोन्ही फेऱ्या एक केल्या तरी हरकत नाही. शेतविहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीचे पिवळेजर्द नर पात्यांच्या चिरफळ्या आणून घरटी विणत असतात. ते लांबून, बांधावर उभं राहून, आठ वर्षांच्या पोरालाही दिसतं आणि वीस वर्षं पक्षी बघणाऱ्यालाही एका घरट्याला किती दिवस लागले हे लिहून ठेवता येतं.

मे महिन्यात एकदा सगळ्यांना विचारून घ्या, पुढच्या वर्षी कुठल्या फेरीला येणार. कुणी नोंदीच्या फेरीतून परत ओळखीच्या फेरीत यायचं म्हणाला तर कारण विचारू नका, त्याचं नाव लिहून घ्या.